टपालपेटीच्या थांब्यावरून चढणारे

४ मार्च, सोमवार

थांब्याच्या खांबावर नगरपालिकेचा कागद चिकटवलाय. दूध आणायला गेले तेव्हा पाहिला. चष्मा घरी. समोरच शिंपीणबाईंचं दुकान, त्यांना हाक मारली. त्यांनी ओठांत टाचण्या धरूनच वाचला, त्यामुळे नुसतीच फूफू. शेवटी टाचण्या काढून म्हणाल्या, "ताई, आपला थांबा उचलतायत."

घरून चष्मा आणला आणि सगळं उतरवून घेतलं. टपालपेटीच्या थांब्यावर प्रवासी कमी. पुढच्या सोमवारपासून तीन दिवस मोजणी. दिवसाला सरासरी चाळीस माणसं इथून बसमध्ये चढली तर थांबा राहील. नाही तर एक एप्रिलपासून दोन्ही बाजूंचा बंद. लोकांनी टाकीच्या थांब्यावर जावं.

टाकीचा थांबा म्हणजे आमच्या पुढचाच. पण मध्ये तो चढ आहे. मीच धापा टाकते. सासूबाईंचे गुडघे तर दारातली एक पायरी उतरतानाही कुरकुरतात.

त्यांना अजून सांगितलं नाही.

५ मार्च, मंगळवार

सांगितलं. "मग गुरुवारचं काय?" एवढंच म्हणाल्या. दर गुरुवारी त्या बसने थोरल्या बहिणीला भेटायला जातात. जेवताना पुन्हा तेच. हे म्हणाले, "आई, गाडी करून देईन."

"तिला गाडी ओळखू येत नाही. बस ओळखू येते."

ते खरंच आहे.

६ मार्च, बुधवार

प्रभागसभा. शाळेच्या हॉलमध्ये, लहान मुलांच्या खुर्च्यांवर. मास्तरांना बसता आलं, उठता येईना. मास्तर म्हणजे आमच्या गल्लीच्या समितीचे अध्यक्ष — समितीत ते आणि त्यांची छत्री.

आमचा विषय नववा. पहिला विषय : कचऱ्याचे डबे हिरवे रंगवावेत की निळे. पन्नास मिनिटं. एक गृहस्थ पिवळा म्हणत उभे राहिले ते शेवटपर्यंत खाली बसलेच नाहीत. विषय पुढच्या सभेवर गेला. तोवर डबे रंगाविना राहतील — आणि मी बघते, ते डबे गल्लीत आलेलेच नाहीत अजून.

नवव्या विषयाला तीन मिनिटं. नगरसेविकाबाई म्हणाल्या, "माझ्या हातात काही नाही. आकडे बोलतात."

मास्तर खुर्चीसकट अर्धे उठले आणि म्हणाले, "मग आकड्यांना आम्ही बोलायला लावू."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. कसं लावणार ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, हे परत येताना कळलं.

७ मार्च, गुरुवार

सासूबाईंबरोबर मावशींकडे. मावशी त्यांची थोरली बहीण, सहा थांबे पुढे राहतात, खिडकी थेट रस्त्यावर. वर्षभरात सगळं पुसत चाललंय. सुनेला "बाई, तुमचं घर कुठे?" विचारतात. मला तर दर वेळी नर्स समजून मनगट पुढे करतात. मीही नाडी बघते. चांगली चालते आहे.

पण अकराची बस खिडकीत दिसली की म्हणतात, "ठेंगी आली." ठेंगी म्हणजे सासूबाई. लहानपणचं नाव. वार कळत नाही, वर्ष कळत नाही, पण दहा चाळीसला आमच्याकडून निघालेली बस अकराला तिथे पोचते आणि तिच्यातून ठेंगी उतरते, हे कळतं. इतर दिवशीही खिडकीत बसून वाट बघतात म्हणे. बस रिकामी गेली की "उद्या" म्हणतात.

येताना टाकीपाशी बस उताराला लागली तेव्हा सासूबाई खिडकीतून रस्ता न्याहाळत होत्या. मला कळलं काय मोजतायत.

९ मार्च, शनिवार

सकाळपासून संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसून मोजलं. भाजीही तिथेच निवडली. चढणारे सतरा. त्यात हे एक (गोदामात जायला). आणखी एक माणूस चढून लगेच उतरला — चुकीची बस. त्याला धरलं नाही. नाही तर अठरा.

हवेत चाळीस. देवा, तेवीस माणसं आणू कुठून?

१० मार्च, रविवार

सुचलं! जपाला बसले होते, मन थाऱ्यावर नव्हतं, आणि एकदम दिसलं — माणसं नवी कशाला लागतात? तीच पुन्हा चढली तर? इथे चढायचं, टाकीला उतरायचं, उताराने चालत परत यायचं, पुढची बस पकडायची. एकाच थांब्याचं सर्वांत कमी तिकीट. पुढे जाण्यात उगीच पैसा.

मास्तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही मॅट्रिकवर थांबायला नको होतं." शिंपीणबाईंच्या दुकानात बैठक. त्यांनी दुरुस्तीला आलेल्या शाली आणि स्कार्फ काढून ठेवले, म्हणजे तोंडवळा बदलेल. यादी मी केली.

मनात एकच खुटखुट : हे खोटं तर नाही? देवासमोर पुन्हा बसले. चढणारा माणूस खरा, बस खरी, तिकीट खरं. खोटं कुठे आहे? दिवा शांत तेवत होता. तो होकार समजले.

११ मार्च, सोमवार

मोजणीवाला सकाळी सातला आला. घडीचं स्टूल, टोपी, आणि प्रत्येक माणसाला टक करणारं यंत्र. पोरगेलासा, लाजाळू. नजर वर करायचा नाही, पायच बघायचा. आम्ही शाली बदलत होतो आणि तो चपला बघत होता! दुपारनंतर शिंपीणबाईंनी चपलाही बदलल्या.

सासूबाई थांब्यावर खुर्ची टाकून बसल्या. चालणं जमत नाही म्हणून कारभार घेतला. "मास्तर, तुमची पाळी. छत्री नको, छत्री ओळखतील." मोजणीवाल्याला हे सगळं ऐकू जातंय, असं मी त्यांच्या कानात सांगितलं. तेही त्याला ऐकू गेलं.

ड्रायव्हरने चौथ्या खेपेला विचारलं, "काकू, टाकीवर आज काही फुकट वाटतायत का?"

"हवा चांगली आहे," मी म्हटलं. हे खोटं नाही.

आज अठ्ठावन्न.

१२ मार्च, मंगळवार

एकाहत्तर. पायांचे तुकडे पडलेत. मास्तर उतारावर सुटले ते थेट टपालपेटीला जाऊन थांबले. टाकीच्या थांब्यावर एक गृहस्थ कालपासून पेपर वाचत बसतात. कालचाच पेपर. दर वेळी उतरले की मी त्यांना नमस्कार करते. बिचाऱ्याला कोणी न्यायला येत नसावं.

१३ मार्च, बुधवार

चौऱ्याऐंशी! शेवटच्या बसला गल्लीतला कुत्राही चढला. मोजणीवाल्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तो आमचा नाही." टक झालं नाही. प्रामाणिक मुलगा.

रात्रीच्या जेवणाला हे म्हणाले, "आज बसमध्ये मला उभं राहावं लागलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सगळ्या आपल्या गल्लीतल्या बायका, आणि टाकी आली तशी गाडी ओस."

"तुम्हीही उतरायचं होतं."

"मला कामावर जायचं होतं," म्हणाले.

१४ मार्च, गुरुवार

सासूबाई एकट्या जाऊन आल्या. मी पाय गरम पाण्यात घालून बसले होते. आल्या त्या खुशीत. मावशींना म्हणाल्या होत्या, "आता काळजी नाही, माझ्या सुनेनं थांबा वाचवला." मावशींनी विचारलं, "सून म्हणजे ती नर्स का?"

२६ मार्च, मंगळवार

पत्र आलं. मास्तरांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं, खाकरले आणि मोठ्याने वाचायला लागले. "टपालपेटी थांब्यावर दिवसाला सरासरी एकाहत्तर प्रवासी चढतात." शिंपीणबाईंनी माझी पाठ थोपटली. मास्तर पुढे वाचत गेले तसा त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"तथापि, टाकी थांब्यावर नेमलेल्या निरीक्षकांच्या नोंदीनुसार, त्यांपैकी चौपन्न प्रवासी लगतच्या टाकी थांब्यावरच उतरतात व चालत परत जाताना दिसतात. यावरून हे अंतर येथील रहिवाशांना चालण्यास सोयीचे असल्याचे सिद्ध होते. सबब, टपालपेटी थांबा एक एप्रिलपासून रद्द."

मशीनचं चाक आपोआप फिरून थांबलं.

पेपरवाला गृहस्थ. मी त्यांना दिवसातून सहा सहा वेळा नमस्कार केला होता.

एकाहत्तरातून चौपन्न गेले, राहिले सतरा. आम्ही खरे जेवढे होतो, तेवढेच. एक थांबा पुढे उतरलो असतो तर त्यांना काही म्हणता आलं नसतं. पण एकाच थांब्याचं तिकीट काढा, हे कोणाच्या डोक्यातून निघालं? माझ्या. पैसा वाचवला. थांबा गेला.

शिंपीणबाई एकदम हसायला लागल्या. हसता हसता टाचण्यांची डबी सांडली. मग सगळेच खाली बसून टाचण्या वेचत हसत होते. मीही हसले. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही.

२७ मार्च, बुधवार

सासूबाईंजवळ कबूल केलं. एकाच थांब्याची कल्पना माझी, काटकसरही माझी. वाटलं, रागावतील. त्या शेंगा सोलत होत्या.

"सूनबाई, तीन दिवस मी तिथे बसले. ऊन अंगावर घेतलं, माणसं बघितली, मास्तरांना दटावलं. कित्येक वर्षांत इतकी मजा आली नव्हती."

मग शेंगांकडे बघत, "ती आपली खिडकीत बसेल, एवढंच."

आज जपात मन लागलं नाही. दिव्यालाही सांगितलं — होकार देताना जरा विचार करत जा. मग माफी मागितली.

१ एप्रिल, सोमवार

दोन माणसं आली, खांब उपटून घेऊन गेली. खड्डा ठेवून गेली. मास्तर त्यात छत्री रोवून तासभर उभे होते. निषेध म्हणून. बस आली, थांबली नाही. ड्रायव्हरने हात मात्र केला.

४ एप्रिल, गुरुवार

दहाला निघालो. सासूबाईंचा एक हात माझ्या खांद्यावर, एक काठीवर. चढाच्या पहिल्या वळणापर्यंत वीस मिनिटं. तिथे एका घराच्या ओट्यावर बसलो. दहा चाळीसची बस समोरून वर गेली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पदराने चष्मा पुसत बसल्या.

"चल, घरी जाऊ."

उतरायला अर्धा तास. संध्याकाळी मावशींच्या सुनेचा फोन. मावशी दिवसभर खिडकीतून हलल्या नाहीत. "उद्या" म्हणाल्या नाहीत. जेवल्या नाहीत.

हे म्हणाले, "पुढच्या गुरुवारी गाडी करतोच." सासूबाई "बरं" म्हणाल्या. गाडी ओळखणार नाही हे पुन्हा सांगितलंही नाही. त्यांचं ते "बरं" मला सहन होईना.

९ एप्रिल, मंगळवार

नगरपालिकेत गेले. अर्ज दिला : मोजणीत आम्ही फेऱ्या मारल्या, चूक माझी, आकडे धरू नयेत, थांबा द्यावा. कारकुनाने दोनदा वाचला आणि आत नेला. आतून हसण्याचा आवाज आला. बाहेर येऊन म्हणाला, "बाई, कबुलीजबाबासाठी आमच्याकडे नमुना नाही." पोच मात्र दिली. जपून ठेवली आहे.

११ एप्रिल, गुरुवार

गाडी साडेदहाला यायची, आली नाही. आम्ही दारात उभ्या. तेवढ्यात मावशींच्या सुनेचा फोन — मावशी घरात नाहीत, चपलाही नाहीत. मी पिशवी घेऊन धावत बाहेर आले तर तिकडून परत येणारी बस खड्ड्यापाशी थांबलेली. खांब नाही, पाटी नाही, तरी थांबलेली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतायत. ड्रायव्हर खाली उतरून हाताला धरून एका बाईंना उतरवतोय. "काकू, काय करू? दांडा धरून बसल्या. म्हणाल्या, टपालपेटीशी सोड, नाही तर हलू देणार नाही."

दोन पायांत दोन वेगळ्या चपला. मावशींनी मला पाहून सवयीने मनगट पुढे केलं, मग माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, आमच्या दारात, काठी टेकून उभ्या असलेल्या सासूबाईंकडे.

"काय गं ठेंगे, तुझी बस रिकामीच येते. म्हटलं, बघून यावं."

टपालपेटीच्या थांब्यावर आज चढणारे शून्य. उतरणारी एक.