रांजणाला फुटलेले पऱ्हे

सिहोरा, सोमवार
(पौर्णिमेला पाच दिवस आहेत)

चि. धम्मदीप यास,
ताईचा सप्रेम जयभीम.

पत्र पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. फोन केला असता. पण फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणत राहतोस आणि मागे क्रिकेट चालू असते, ते मला ऐकू येते. भावनाची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ती करते की नुसती चटई अंथरून ठेवते? तुझी साखर किती? (जेवणानंतरची कळव. उपाशीपोटीची तू न विचारता सांगतोस, कारण ती बरी येते.) माझी प्रकृती उत्तम आहे. दोन्ही अंगठ्यांना चिरा पडल्या आहेत आणि नखांतली माती आता निघत नाही, पण याला औषध नको आहे.

"निवृत्तीनंतर ताईला हे काय सुचले," असे तू मागच्या महिन्यात म्हणालास. (मला म्हणाला नाहीस, भावनाला म्हणालास. तिने सांगितले. तिला रागावू नकोस.) सुचले ते असे की एकतीस वर्षे मी पाचवीच्या मुलींना मातीचे प्रकार शिकवले आणि एकदाही माती हातात घेतली नाही. फळ्यावर लिहिले, पाठ करून घेतले, मार्क दिले. आता आपल्या गोठ्यात चाक बसवले आहे. गव्हाणीत माती भिजते, बाजेवर भांडी वाळतात आणि खुंट्याला ॲप्रन टांगलेला असतो. बोडीचे पाणी आटले की त्या तळ्यातली माती आणायची, वाळवायची, कुटायची, भिजवायची, जुन्या लुगड्यातून गाळायची, मग पायांनी तुडवायची. तुडवताना पायाखाली जे खडे लागतात ते वेचायचे. आपल्या एका बोडीतच तीन तऱ्हेची माती निघते, हे तुला माहीत होते का? काठाची तडकते, मधली चांगली वळते, आणि आंब्याच्या बाजूची नेमके काय करते ते मला अजून समजलेले नाही. तीनदा भाजली, तीनदा वेगवेगळी वागली. चौथ्यांदा लावली आहे.

प्रत्येक भांड्याला मी हजेरीपटासारखा क्रमांक देते. आजवर चोपन्न बसले, दहा उत्तीर्ण. त्यांत सहा पणत्या आहेत, म्हणून निकालाबद्दल मी बोलत नाही.

शिकवायला आंबागडहून गोदावरीबाई येतात, बुधवारी आणि शनिवारी. पिढीजात कुंभारकाम. त्यांची लेक माझ्या वर्गात होती. त्यांची शिकवण्याची पद्धत मला मुळीच पसंत नाही. प्रमाण विचारले की "मातीलेच विचारा जी" म्हणतात. किती वेळ तुडवायची, तर "होते तवरी." हे कसले उत्तर! मी वर्गात असे उत्तर स्वीकारले नसते. पण बाई चाकावर बसल्या की चार मिनिटांत माठ उभा राहतो (घड्याळ लावून पाहिले आहे), आणि मी बसले की चार मिनिटांत गोठ्याची भिंत रंगते.

आता मूळ गोष्ट. दरवर्षी बुद्ध पौर्णिमेला विहारासमोर आपली पाणपोई असते, तू पाहतोसच. चैत्रात महिला मंडळाची बैठक झाली. वच्छला अध्यक्ष आहे. (तुझ्याबरोबर दहावीला होती, तीच. अक्षर अजून तसेच.) ती म्हणाली, यंदा थंड पाण्याचे जार मागवू. मी रांजणाचा विषय काढला. तर म्हणते, "रांजन आता कोन करून देऊन राहिलं ताई?" आणि कोणीतरी मागे हसले. मी उभी राहिले आणि म्हणाले, "रांजण मी देईन. स्वतः केलेला." वच्छलाने वर पाहिले, "लिहून घेतो जी मंग" म्हणाली, आणि खरोखरच वहीत लिहून घेतले. त्या दिवशी तिथे चाळीस बायका होत्या. त्यांतल्या निम्म्या माझ्या विद्यार्थिनी. यांच्यापैकी एकीलाही मी प्रयोगवही एक दिवस उशिरा देऊ दिली नव्हती. लग्न असो, ताप असो. तेव्हा माझी अडचण तुझ्या लक्षात येईल.

पहिला रांजण वाळताना तडकला. दुसरा तडकला नाही, बसला. म्हणजे रात्री उभा होता आणि सकाळी परातीसारखा होता. उन्हाळा यंदा असा आहे की ओले भांडे बाहेर ठेवले तर बाहेरून सुकते आणि आतून ओले राहते, मग फाटते. गोदावरीबाई म्हणाल्या, मोठ्या भांड्याच्या मातीत धानाचा भुसा घाला, तो भाजताना जळून जातो, बारीक छिद्रे राहतात, त्यातून पाणी झिरपते आणि थंड होते. हे मला फार आवडले. एवढी सोपी गोष्ट मी एकतीस वर्षांत का विचारली नाही? लगेच भय्याजींच्या भातगिरणीतून एक पोते भुसा आणला. गोदावरीबाई जाता जाता म्हणाल्या, "पाखडून घ्या जी पयले." मी "हो" म्हटले.

पाखडला नाही. धम्मदीप, तुला खरे सांगायला हरकत नाही: मला सूप धरता येत नाही. आईने मला कधी हात लावू दिला नाही. ती दुसऱ्यांच्या खळ्यावर दिवसभर पाखडायची आणि घरी मी सूप उचलले की "ठेव थे. पुस्तक घे," म्हणायची. मला वाटले, भुसा तो भुसा, तो जळणारच आहे, पाखडून काय वेगळे होणार? आणि बासष्टाव्या वर्षी गोदावरीबाईंना "मला येत नाही" असे सांगणे जमले नाही.

तिसरा रांजण फार सुंदर उभा राहिला. बूड चाकावर काढले, वरचा भाग वळ्या लावून चढवला, आतून गोटा धरून बाहेरून थापीने ठोकला. पंचवीस लिटरचा. आता हा तडकू द्यायचा नाही म्हणून गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला, ओल्या पोत्यांत गुंडाळला, सकाळ-संध्याकाळ पोत्यांवर पाणी शिंपडले. पाचव्या दिवशी पोती काढली.

रांजण हिरवा होता. बुडापासून गळ्यापर्यंत बोट-दोन बोटे पऱ्हे, रोवणीआधी असतात तशी कोवळी रोपे, उगवले होते. कुणी मुद्दाम पेरावेत तसे. भुशात अख्खे धान होते.

ओलावा, हवा, ऊब. बीज रुजायला लागणाऱ्या तीन गोष्टी सांगा, दोन गुण. हा प्रश्न मी दरवर्षी काढत असे आणि एकही मुलगी चुकत नसे.

गोदावरीबाई बुधवारी आल्या, रांजणाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि बाजेवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "बाई, रोवनी कवा करता?" मी रागावले नाही, कारण मी तेव्हा भिंग घेऊन मुळे बघत होते. कोंब बाहेर आले होते आणि मुळे मातीच्या अंगात आडवी पसरली होती. इतक्या घट्ट, हवा नसलेल्या मातीत धान रुजते कसे? (रुजते. ते पाण्याखालीही रुजते. मी वाचून पाहिले.) उरलेल्या भुशातून तांब्याभर घेऊन मी दाणे मोजले: सतरा. दुसऱ्या तांब्यात बावीस.

दाणे मोजायला नको होते. म्हणजे मोजले ते योग्यच, पण शेजारणीसमोर मोजले. संध्याकाळपर्यंत गावभर झाले की भय्याजींच्या गिरणीत अख्खे धान भुशात जाते. दुसऱ्या दिवशी गोठ्यात बायकांची रांग. एक म्हणाली हे आमचेच धान, पात बघा किती रुंद. दुसरी म्हणाली, तुमचे कसे, तुमचे तर अजून गिरणीत गेलेच नाही. तिसरीने एक पऱ्हा उपटून दाताखाली चावून पाहिला. मी सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या.

तिसऱ्या दिवशी भय्याजी स्वतः आले. "मॅडम, कायले तमाशा करून राहिल्या जी? फोडून टाका थो रांजन. मी विहाराले स्टीलची टाकी देतो, तोटीवाली."

मी म्हटले, "टाकीवर काय लिहाल?"

"गिरणीचं नाव. बारीक अक्षरात."

मी म्हटले, निकाल लागण्यापूर्वी उत्तरपत्रिका फाडत नाहीत, आणि तुमच्या गिरणीची चाळणी फाटली आहे ती आधी बघा. ते "चाळणी नवीनच हाय" म्हणत गेले. (परवा चाळणी बदलली असे ऐकते.)

नवा रांजण करायला वेळ नव्हता. गोदावरीबाईंचे मत पडले की माती मोडून पुन्हा तुडवावी. हा भाजला तर मुळे जळतील आणि चाळणी होईल. मला मात्र नेमके तेच पाहायचे होते. किती छिद्रे पडतील? आरपार जातील का? कात्रीने सगळे पऱ्हे कापले, वरून पातळ माती सारवली, सावलीत सहा दिवस वाळवला. परसात खड्डा, खाली गोवऱ्या, मध्ये रांजण, वर तणस आणि भुसा (पाखडलेला, गोदावरीबाईंनी पाखडला आणि मी बाजूला उभी राहून त्यांचे मनगट कसे फिरते ते पाहिले). दीड दिवस धूर निघत होता. मधेच उघडून पाहू का विचारले, तर म्हणाल्या, "तुमच्या वर्गात पोरी मधातच डबा उघडत का जी?"

रांजण अख्खा निघाला. लाल, एका बाजूला काळसर झाक, कुठे चीर नाही. वाजवला तर खणखणीत. काल पाणी भरले आणि प्रयोगशाळेतल्या थर्मामीटरने मोजले. गोठ्याबाहेर चव्वेचाळीस अंश. शेजारी ठेवलेल्या, बाजारातून आणलेल्या माठात एकोणतीस. माझ्या रांजणात चोवीस! तीनदा मोजले. नोंदवहीत क्रमांक चोपन्न, उत्तीर्ण.

तेव्हा मी शब्द पाळला आहे, एवढेच कळवायचे होते. पौर्णिमेला तू भाषणाला येणारच आहेस. मागच्या वर्षीसारखी पन्नास मिनिटे घेऊ नकोस. लोक उन्हात असतात. हे पत्र वच्छलाच्या अंकुशजवळ देते, तो परवा नागपूरला निघतो आहे.

भावनाला जयभीम. व्यायाम.

तुझी
रत्नमालाताई

ता. क. नोंदवहीत एक रकाना मी रिकामा ठेवला आहे, तो तुला सांगणे भाग आहे. पाण्याची पातळी. सकाळी सहाला रांजण काठोकाठ भरला. अकराला निम्मा होता. दोनला तळाशी दोन तांबे. मुळे जिथे जिथे गेली होती तिथे तिथे पाझरतो; सगळे अंग घामेजते, म्हणूनच एवढा थंड. आता ऐक, आणि "हो ताई" म्हण. तू आदल्या दिवशी संध्याकाळी ये. पौर्णिमेला पाणपोईच्या मागे कनातीआड बस आणि दर दोन तासांनी हातपंपावरून कळशी आणून मागच्या मागे ओत, कोणाला दिसता कामा नये. प्रमुख पाहुण्यावर कोणी संशय घेत नाही. हे मी दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही. मी एवढे मोठे पत्र कधी कोणाला लिहिले नाही, त्यावरून काय ते समज.

ता. क. २ (मंगळवार) वच्छला आली होती, रांजण नेण्याबद्दल विचारायला. पडवीत रांजणाखाली पाण्याचे थारोळे. "पानी सांडून राहिलं जी ताई." मी म्हटले, भरताना सांडले. आयुष्यात पहिल्यांदा मी चुकीचे निरीक्षण सांगितले. तिने बुडाखाली तळहात धरला, तो भरेपर्यंत धरून ठेवला, मग पेला घेऊन पाणी प्याली. आणखी एक पेला प्याली. मग मला राहवेना. मी म्हणाले, "गळतो आहे, वच्छला. चूक माझी आहे. भुसा पाखडला नव्हता. मला पाखडता येत नाही."

ती म्हणाली, "मले येते न. सांगाले काय झालं होतं?" आणि पुन्हा पेला बुडवला. "थंड हाय पन ताई. असं जारात भेटत नाही. गळू द्या. आपन चाळीस जनी हाओत, भरत राहू."

तिने पिशवीतून तीच वही काढली आणि तिथेच बसून पाणी भरायच्या पाळ्या लावल्या. सहा ते आठ ती स्वतः, पुढे मी, पुढे भय्याजी. (त्यांना अजून माहीत नाही.) तेव्हा वरचा ता. क. रद्द समज, लपून काही करायचे नाही. फक्त बारा ते दोन ही पाळी कोणी घेईना. वच्छला म्हणाली, "धम्मदीपभाऊ येऊन राहिले न?"

ता. क. ३ (बुधवार, अंकुश दारात उभा आहे) तुझे भाषण बारा ते दोनमध्येच होते. मंडळाने ते एकमताने रद्द केले आहे. उन्हात डोक्याला बांधायला दुपट्टा घरून आण, कळशी इथे मिळेल.