होक्काइदोतला इंजिनीअर

शुक्रवार, जेद्दा

आज महिला मंडळात मी जपानमधल्या होक्काइदोची माहिती दिली. लॅव्हेंडरची शेतं, गरम झरे, शिंपल्यांच्या कारखान्यांत राबणारे परदेशी कामगार. माझा धाकटा भाऊ सुहास त्यांतलाच, पण मी म्हणाले, "इंजिनीअर आहे." का म्हणाले असं? मी तरी कोण, इथं सौदीत इकाम्यावर, म्हणजे परदेशी कामगारांच्या राहण्याच्या परवान्यावर, राबणारी नर्सच ना?

मग ठरल्याप्रमाणे त्याचा व्हिडिओ कॉल आला. अंगात रबरी एप्रन तसाच. एकीनं विचारलं, "ऑफिस कसं आहे हो तुमचं?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, एप्रन दिसू नये म्हणून फोन चेहऱ्याजवळ धरला आणि म्हणाला, "छान आहे."

सगळ्या गेल्यावर मी त्याला परत फोन करून माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी आधी सांग. शर्ट घालून बसेन."