झेंडा गाडीत होता

शनिवार संध्याकाळ, फ्रिस्को

आइस हॉकीतलं मला काही कळत नाही. राष्ट्रीय संघांची स्पर्धा, पण दुसऱ्या फळीची. भारत खेळणार म्हणून इथल्या मराठी मंडळातले आम्ही बरेच जण गेलो. बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि आत सगळे पातळ टी-शर्टमध्ये कुडकुडत होते. झेंडा मी नेला होता.

हरणार हे लवकरच दिसलं. आठवा गोल झाल्यावर मंडळातला समीर म्हणाला, "चल यार, नंतर पार्किंगमधून निघता येणार नाही." सगळ्यांनाच पटलं. क्रिकेटलाही आपण हेच करतो ना? मॅच हातची गेली की उठायचं. झेंडा पायदळी नको म्हणून मी नीट घडी करून घेतला. आमची मीरा मात्र उठेना. "आय ॲम स्टेइंग, बाबा." म्हटलं बरं, मी गाडी दाराशी आणतो.

घरी येताना ती सिग्नलला म्हणाली, "बाबा, दे केम टू अवर साइड." सामना संपला की खेळाडू आपल्या प्रेक्षकांसमोर येऊन स्टिक उंचावतात म्हणे. हरले तरी. अख्खा संघ आमच्या स्टँडसमोर ओळीने उभा राहिला, आणि स्टँडमध्ये एकटी मीरा.

"मग तू काय केलंस?"

"आय वेव्ह्ड. द फ्लॅग वॉज विथ यू."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं का?

झेंडा अजून मागच्या सीटवरच आहे. घडी अगदी व्यवस्थित.