चौसष्ट नंबरचं हेल्मेट आणि ट्रेलरची किल्ली

मी, एमेट जोसेफ वोझनिक, वय वर्षे सव्वीस, कायमचा राहणार हार्लन्स बेंड, ओहायो, सध्या 'ग्रे पेट्रेल' या खेकडे धरणाऱ्या बोटीवर डेकचा कामगार, मुक्काम डच हार्बर, अलास्का, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, आठवडाभर दारूला तोंड लावलेलं नाही, आणि हे मी कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. कुणी सांगितलं असतं तर मुळीच लिहिलं नसतं.

कारण असं की, गेल्या आठवड्यात शेजारच्या बोटीवरचा एक माणूस पिंजऱ्याच्या दोरात पाय अडकून पाण्यात गेला. त्याची पिशवी आणि बूट चार दिवस धक्क्यावर पडून होते. कुणाला द्यायचे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग आमच्या कप्तानाने सगळ्यांना एकेक फॉर्म वाटला, 'काही झाल्यास कोणाला कळवावे.' त्यावर एकच ओळ रिकामी होती. माझं एका ओळीत मावत नाही. अकरावीत शाळा सोडली तेव्हापासून एवढं मोठं काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका असतील. अर्थ बघावा.

कलम पहिलं. बँकेत माझ्या नावावर जे असेल ते सगळं माझी मावशी डोलोरेस कुबिआक हिला मिळावं. नवव्या वर्षापासून तिने मला वाढवलं. अट एकच, तिने त्यातून स्वतःचे दात करून घ्यावेत. मावशी, मला माहीत आहे, तू म्हणणार, 'मला आता कोण बघतंय?' हे कायद्याचं कलम आहे. दात कर.

कलम दुसरं. माझे वडील वॉल्टर वोझनिक यांना काहीही देऊ नये. मी विसरलो असं पुढे कुणी म्हणू नये म्हणून नाव घातलं आहे. एका सामन्याला आले होते, मध्यंतराला निघून गेले.

कलम तिसरं. माझे बोटीवरचे बूट आणि रेनकोट. इथे माझा बंकवाला, म्हणजे माझ्या वरच्या फळीवर झोपणारा, टॅविटा लेओटा खांद्यावरून वाचतोय. म्हणतो, "बूट मला लिही. माप एकच आहे."

आमचा आचारी रोहेलियो, ज्याला इथे सगळे मानोंग म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ, तो कांदे कापता कापता म्हणाला, "साक्षीदाराला काही घेता येत नाही, गाढवा. तू सही करणार आहेस ना खाली?"

"मग सही नको, बूट दे."

सबब बूट आणि रेनकोट ज्याला बसतील त्याने घ्यावेत. ते चार दिवस धक्क्यावर पडू नयेत.

कलम चौथं. माझ्या डावपेचांच्या सात वह्या. या वह्या म्हणजे माझी सगळी शाळा. अठराव्या वर्षी मी हार्लन्स बेंड आयर्नमेन या संघाच्या लाईनमध्ये, म्हणजे समोरच्यांना अंगाने थोपवणाऱ्या पुढच्या रांगेत, खेळायला लागलो. आमचं फुटबॉल, हेल्मेट घालून धडका द्यायचं, अर्धव्यावसायिक, हा शब्द आमचा कोच लॉयड हॅस्टन याचा. व्यावसायिक अर्धं एवढंच, की लोक तिकीट काढून यायचे. बाकी मोज्यापासून डिझेलपर्यंत सगळं खेळणाऱ्याने आणायचं. एकविसाव्या वर्षी माझा उजवा गुडघा गेला. पुढच्या मंगळवारी सरावाला लॉयड म्हणाला, "पोरा, पळता येत नाही ना? मग ओरड. लाईन तुझी." असा मी कोच झालो. माझ्या हाताखाली पाच जण, दोन तुरुंगाचे पहारेकरी, एक छपरं घालणारा, एक खाटीक आणि ओटिस पेटवे. मी गोदामात कामाला होतो, तिथे रोज जेवणाच्या सुटीत खोक्यावर बसून या वह्या भरल्या. कुणाचा पाय आधी उचलला जातो, कुणाचा खांदा आधी खाली जातो, सगळं त्यात आहे. लॉयडने पाचवी आणि सहावी वही 'बघतो' म्हणून नेली आणि त्यातले डाव स्वतःच्या नावाने टाईप करून कॉलेजात दाखवले. त्या दोन वह्या त्याच्याकडून वसूल कराव्यात. सगळ्या सात वह्या ओटिसची बहीण व्हर्नेल पेटवे हिला मिळाव्यात.

कलम पाचवं. लॉयड हॅस्टन यास माझ्याकडून लाल चिकटपट्टीचं उरलेलं रीळ द्यावं. मावशीच्या शेडमध्ये, खिळ्यांच्या डब्याजवळ आहे. त्याला पोस्टाने पाठवू नये, समोर जाऊन हातात द्यावं. ते कशाचं आहे हे पुढच्या कलमात लिहितो. लॉयड एका शाळेत मदतनीस कोच होता, तिथून काढला, दुसऱ्या शाळेत गेला, तिथून काढला, दिवसा पोरांना गाडी चालवायला शिकवायचा आणि संध्याकाळी आम्हाला. एकोणीस वर्षं तो कॉलेजच्या नोकरीकडे डोळे लावून बसला होता. आम्ही चाळीस जण त्याला वर चढायला वापरायची पायरी होतो. मला राग त्याचा नाही की तो वर गेला. मला राग आहे की तो कुणाच्या डोक्यावर पाय देऊन गेला.

कलम सहावं. हे नीट वाचावं.

संघाचा ट्रेलर माझ्या नावावर आहे. भंगारवाल्याकडून घेतला, रंग मी दिला. आत एकेचाळीस हेल्मेटं, खांद्याची कवचं, पाण्याचे पिंप. सामान बघायचं कामही माझंच होतं, आणि आमच्यात एक रीत होती. हेल्मेटला तडा दिसला की मी त्यावर लाल पट्टी गुंडाळायचो. पट्टी असलेलं हेल्मेट कुणी घालायचं नाही, आणि पट्टी लावली त्यानेच काढायची. कोचनेसुद्धा काढायची नाही. गेल्या वर्षी जून महिन्यात मी ओटिसच्या चौसष्ट नंबरच्या हेल्मेटला पट्टी लावली. कानाच्या वर बोटभर तडा होता. ओटिसचं डोकं मोठं, दुसरं त्याला बसत नव्हतं. मी त्याला सांगितलं, "या शनिवारी घरी बस, बहिणीला वैताग दे."

त्या शनिवारी कॉलेजचा एक माणूस लॉयडला बघायला येणार होता. गणवेशात बावीस जण नसले तर सामना समोरच्याला देऊन टाकतात, असा लीगचा नियम. मी मोजले, एकवीस. लॉयडला जाऊन सांगितलं. तो मैदानाकडे बघतच म्हणाला, "परत मोज."

परत मोजले तर बावीस. ओटिस उभा होता, हेल्मेट घालून.

सामन्याआधी मी लाईनच्या प्रत्येकाच्या हेल्मेटवर दोन थापा मारतो. ओटिसच्याही मारल्या. माझ्या हाताला चिकट लागलं. पट्टीचा गोंद.

ओटिस हसला. "काय कोच, हात कसला पुसतोयस? एवढा घामेजलोय मी?"

मी हात पँटला पुसला आणि म्हणालो, "जा, फोड त्यांना."

का म्हणालो तेही लिहितो. लॉयडने मला सांगितलं होतं, "मला घेतलं तर लाईनचा कोच तू. तुझ्यासारखा पोरगा भंगाराच्या ट्रेलरमध्ये सडू नये." गुडघा गेल्यापासून मला दुसरं काही नको होतं. लॉयडने पट्टी काढली, हे खरं. मला ती काढलेली कळली, हेही तितकंच खरं. एक हाक मारली असती तर ओटिस बाकावर बसला असता आणि सामना गेला असता. बस, एवढंच गेलं असतं.

तिसऱ्या डावात तो खाली पडला तो स्वतःहून उठला नाही. आज तो व्हर्नेलकडे असतो. घरात पडदे लावून, काळा चष्मा घालून जेवतो. डाव सगळे पाठ आहेत, पण वार सांगता येत नाही. दर वेळी विचारतो, "मंगळवार आहे का? सराव आहे का?"

लॉयडला महिन्याभरात कॉलेजची नोकरी मिळाली. मला फोन केला. "पोरा, तुझ्याकडे शाळेचा दाखला नाही. माझे हात बांधलेले आहेत." अग्निशमनवाल्यांच्या हॉलमध्ये त्याचा निरोप समारंभ होता तिथे मी गेलो आणि त्याला बटाट्याच्या पिएरोगींच्या, म्हणजे उकडलेल्या करंज्यांच्या, टेबलावर आडवा केला. त्याचा मला पश्चात्ताप नाही. पिएरोगी मावशीने केल्या होत्या, त्यांचा आहे. लीगने मला जन्मभरासाठी काढलं. मी ट्रेलरला कुलूप ठोकलं, तो मावशीच्या परसात लावला, किल्ली गळ्यात घातली आणि इथे आलो.

सगळ्यांना सांगितलं, लॉयडच्या रागाने कुलूप लावलं. हे खोटं आहे. चौसष्ट नंबरचं हेल्मेट आत आहे आणि त्यावर गोंदाचा पट्टा अजून आहे. ते कुणी बघू नये म्हणून लावलं. त्यापायी चाळीस माणसं एक अख्खा हंगाम घरी बसली.

व्हर्नेल शिडीवर उभी राहून सगळे सामने चित्रित करायची. प्रत्येक डावाचा आकडा तिच्याकडे असायचा. लॉयडपेक्षा आणि माझ्यापेक्षाही तिला लाईन जास्त कळते, पण तिला कुणी कधी विचारलं नाही, कारण आम्ही गाढवं. दवाखान्यातून आल्यावर तिने मला चित्रण थांबवून दाखवलं होतं. "एमेट, इथे तू हात का पुसलास?"

मी म्हणालो, "घाम."

तिने फक्त परत मागे घेऊन ते पाहिलं.

कलम सातवं. सबब सदर ट्रेलर, आतल्या सर्व सामानासह, माझ्या पश्चात व्हर्नेल पेटवे हिच्या मालकीचा व्हावा. संघ चालवायचा की मोडायचा, हे तिने ठरवावं. चालवला तर मुख्य कोच ती, दुसरं कुणी नाही. ज्याला बाईच्या हाताखाली खेळायची लाज वाटेल त्याने खांद्याचं कवच जमा करून घरी जावं. चौसष्ट नंबरचं हेल्मेट कुणीही घालू नये. ते लीगच्या पंचांपुढे ठेवायचं, कॉलेजात नेऊन लॉयडच्या टेबलावर ठेवायचं, की नदीत टाकायचं, तो हक्क तिचा.

इथवर लिहून झाल्यावर मी मोठ्याने वाचून दाखवलं, कारण साक्षीदाराने ऐकलेलं असावं असं मानोंगचं म्हणणं.

टॅविटाने 'माझ्या पश्चात' या शब्दांवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "म्हणजे तू मेल्यावर तिला कळणार?"

"मृत्युपत्र तसंच असतं."

"तू तर भारीच शूर आहेस, भावा. मेलेल्या माणसाला कोण शिव्या देणार!"

मी त्याला म्हटलं, स्वतःचं काम बघ. आणखीही काही म्हटलं, ते इथे लिहीत नाही.

मानोंगने सुरी ठेवली. माझ्या गळ्याकडे बोट केलं. "ही ती किल्ली?"

"हो."

"ही गळ्यात घालून पाण्यात गेलास, तर त्या मुलीने काय कागद चाटायचा? आणि त्या चाळीस जणांनी आणखी किती बसायचं? तू मरेपर्यंत? तू तर सव्वीसचा आहेस, बाबा."

मी चिडलो. बाहेर जाऊन पिंजऱ्याला लाथ मारली, अंगठा सुजला आहे. पण किल्ली गळ्यात घालून बुडायचं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि एकदा आल्यावर ते जात नाही. म्हणून पुढचं कलम.

कलम आठवं. कलम चार, सहा आणि सात माझ्या मरणाची वाट न बघता आजपासून लागू. वह्यांपैकी पाच मावशीच्या कपाटात आहेत, व्हर्नेलने मागताच द्याव्यात. ट्रेलर आजच तिचा. किल्ली या कागदाच्या नकलेसोबत पाठवत आहे. बाकी कलमं मी मेल्यावर.

व्हर्नेल, बोटीवर फोन लागत नाही. आम्ही चार वाजता निघतो, एकतीस तारखेला धक्क्यावर येऊ. तोवर तुझं वाचून झालेलं असेल. तेव्हा फोन कर. काय बोलायचं असेल ते बोल, मी मध्ये बोलणार नाही आणि ठेवणारही नाही. ओटिसला सांग, मंगळवारी सराव आहे. आता ते ठरवणं तुझ्या हातात आहे.

वर लिहिलेलं सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलं, वाचलं, आणि मला मान्य आहे.

सही: एमेट जोसेफ वोझनिक
ठिकाण: डच हार्बर, अलास्का
तारीख: ११ ऑक्टोबर २०१९

साक्षीदार १: टॅविटा लेओटा. त्याने आमच्यासमोर सही केली. अंगठा सुजला होता, पण शुद्धीत होता. बूट मिळाले नाहीत.

साक्षीदार २: रोहेलियो माकाराएग, आचारी. मीही पाहिलं. नक्कल आणि किल्ली माझ्या हातात दिली. देताना एकदा परत मागितली, मी दिली नाही. दुपारी सव्वातीनला पोस्टात टाकली. पावती जोडली आहे.