उरलेला अर्धा नियम

डोंगरकड्याजवळचा तांडा,
१२ फेब्रुवारी २०२५

दिपक,

नमस्कार. नमस्कारानंतर 'विनंती विशेष' लिहितात, ते मी गाळलं आहे. विनंती तुझी आहे, माझी नाही. घरी सगळे ठीक. बा हळद काढायला रानात गेला आहे, आई, आमची याडी, चुलीपाशी आहे, आणि तू पाठवलेला अंगद आमच्या ओट्यावर चहाची वाट पाहत बसला आहे. कॉलेजच्या इलेक्ट्रिक गो-कार्टच्या संघातला तोच एक असा, ज्याला मी दारातून परत पाठवणार नाही, हे तू बरोबर हेरलंस.

येताना त्यानं पेढे आणले.

"हे काहून?" मी विचारलं.

"दिपकनं देले. म्हणला, आधी पेढे दे, मंग बोल."

याडीनं पुडा हातात घेऊन विचारलं, "पोरगी पास झाली का काय?"

"न्हाई मावशी," अंगद म्हणाला, "आमी नापास झालो."

तुझा नंबर मी डिसेंबरपासून बंद ठेवला आहे आणि तो तसाच राहील. उत्तर लिहून देते, कारण ऐकलेल्यातलं तू तुला हवं तेवढंच पुढे सांगतोस.

अंगदकडून जे कळलं ते असं. विभागीय फेरीनंतर मी संघ सोडला. प्रत्येक संघात निदान एक विद्यार्थिनी हवी, हा पात्रतेचा नियम. म्हणून तू माझ्या जागी तुझी मामेबहीण मिना उभी केलीस. नुसतं नाव द्यायला मुली आणतात हे आयोजकांच्या आता लक्षात आलं, म्हणून यंदा विद्यार्थिनीची तोंडी परीक्षा ठेवली. सोमवारी नांदेडला निरीक्षकानं मिनाला विचारलं, मोटरच्या कंट्रोलरचं काम काय? ती म्हणाली, "दादाला विचारा." संघ अपात्र. शनिवारी सकाळी फेरतपासणीची एक संधी.

तुम्ही सगळे मिनाला हसलात, हे अंगदनं कबूल केलं. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. ती स्थापत्य शाखेची. आदल्या दिवशी तिला संघाचा टी-शर्ट दिलात आणि गाडीशेजारी उभं केलंत. किसनसिंगला कोणी काही विचारलं? दोन वर्षं संघात आहे आणि बॅटरीची लाल वायर अजून मला विचारून लावत होता. त्याला नियम काही विचारत नाही. तो मुलगा आहे, म्हणजे त्याला येतच असणार. संघात मुलगी हवी म्हणणारे आणि ती खोटीच असेल असं धरून फक्त तिचीच परीक्षा घेणारे, लोक तेच. आणि त्यांचा संशय खरा करून दाखवणारे तुम्ही. दोन्हीकडच्या हुशारीचं मला सारखंच कौतुक आहे.

अंगद बिचारा मनापासून समजावून राहिला आहे. "रीते, दोन मिनटं उभी राह्य. कंट्रोलर तूच बसवला, वायरिंग तुझी. बोलायला तुला काय तकलीफ?"

"आणि बोलून झाल्यावर?"

"मंग काय? दिपक चालवंल. तू बस सावलीत."

त्याच्या मनात काही नव्हतं. पण तुझं म्हणणं त्याच्या तोंडून इतकं स्वच्छ ऐकू आलं की मी आत जाऊन कागद घेतला.

आता वजनाचं.

ऑक्टोबरमध्ये कॉलेजच्या मैदानावर आपण दोघांनी चाचणी फेरी मारली. माझी फेरी तुझ्यापेक्षा लवकर पूर्ण झाली. तू मला म्हणालास, तुझं वजन कमी म्हणून. ते खरं होतं, मी वाद घातला नाही. मग तू फोनवर नियमावली उघडून वाचून दाखवलंस: चालकाचं वजन किमान साठ किलो असावं. "पाह्य बरं," तू म्हणालास, "नियमच हाय. माह्या हातात काय हाय?" मी हेल्मेट तुझ्या हातात दिलं. विभागीय फेरीत गाडी तू चालवलीस, आणि मी पाण्याचा कॅन आणि झेंडा घेऊन कडेला उभी राहिले. फोटोत मात्र मला मधोमध घेतलंत.

त्याच दिवशी, तू हार घालून फिरत होतास तेव्हा, मी वजनकाट्यापाशी होते. दुसऱ्या संघाची चालक शिवकन्या, शिरड शहापूरची, माझ्याहून बारीक. ती काट्यावर चढली ती वाळूची पिशवी घेऊन. मी निरीक्षकाला विचारलं, हे कसं चालतं?

"नियमच आहे, मॅडम. जेवढं कमी पडेल तेवढं वजन सीटला बांधायचं. पुढची ओळ वाचली नाही का?"

नव्हती वाचली.

दिपक, फ्यूजच्या पाकिटावरची सूचनासुद्धा मी शेवटपर्यंत वाचते, हे तुला माहीत आहे. त्यावरून तुम्ही मला चिडवत होतात. नियमावलीतलं बॅटरीचं पान, ब्रेकचं पान, वायरिंगचं पान मी वाचलं होतं. चालकाचं तेवढं वाचलं नव्हतं. ते तू वाचून दाखवलं होतंस. मला तेवढं पुरलं होतं. का पुरलं, ते इथे लिहिणार नाही, आणि अंगदलाही विचारू नकोस. त्याला माहीत नाही. तुला माहीत असेल, तर ऑक्टोबरमध्ये वाचताना तू माझ्याकडे का पाहिलं नाहीस, तेही तुला माहीत आहे.

वजनाची गोष्ट मी अंगदला आत्ता सांगितली. तो म्हणाला, "म्हंजे बाकीचा अर्धा गिळला बे त्यानं?" आणि तुझ्या पुड्यातला एक पेढा तोंडात टाकला. उरलेले त्याच्याबरोबर परत येत आहेत.

शेतातली एक बातमी राहिली. हळद यंदा बरी आहे. व्यापाऱ्याचा काटा जानेवारीतच गावात येऊन बसला, तेव्हा मी त्याच्यावर एक पिशवी तोलून आणली. व्यापारी म्हणाला, "बाई, वाळू इकायली का काय?" पिशवी याडीनं शिवली, दुहेरी कापडाची, सीटला बांधायला पट्टे लावून. कडेला कवड्या लावू का म्हणाली. मी म्हटलं, लाव, पण मग तेवढी वाळू काढावी लागेल. तिनं कवड्या लावल्या, मी वाळू काढली. कशासाठी करतेय, असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता आहे. शनिवारी सकाळी मी पिशवी घेऊन नांदेडला येईन. चालकाचं नाव बदलायचं तर कर्णधारानं, म्हणजे तू, स्वतः निरीक्षकासमोर जाऊन बदलायचं, हा नियम मी पूर्ण वाचला आहे. निरीक्षक विचारतील तर खोटं कारण देऊ नकोस. अर्धाच नियम वाचला होता, एवढं सांग. आधी नाव, मग माझी उत्तरं. नाव बदललं नाहीस, तर कंट्रोलरबद्दल मी एक शब्द बोलणार नाही, आणि मिळेल त्या बसनं परत येईन. संघ अपात्र राहील. अंगदचं मला वाईट वाटेल. तेवढं सोसेन.

मिना संघातच राहील. कंट्रोलर काय करतो, हे तिला मी शुक्रवारी फोनवर सांगते. समजायला अर्धा तास पुरतो. किसनसिंगनंही शेजारी बसून ऐकावं.

पाण्याचा कॅन आणि झेंडा तुझ्याकडे. झेंडा धरणाऱ्याला वजनाची अट नाही. तरी ते पान तू स्वतः, शेवटपर्यंत वाचून घे.

अंगदचा चहा संपला. थांबते.

रीता थावरा राठोड
वजन एकोणपन्नास किलो, पिशवीसकट साठ