कोठीखालचा सांधा

आई, आज आपली गव्हाची कोठी हलवली. नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागे आमचं दफ्तर. पुढच्या हप्त्यात आम्हीही निघतो. माधवनगरचं हे घर मालकाला परत करायचं आहे. ही म्हणते, नवे भाडेकरू घासतील की. पण काळे सांधे मागे ठेवून जाणं मला जमायचं नाही. म्हणून सकाळपासून पाटावर बसून स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या चिनी टाइल्सचे सांधे घासतो आहे. आधी साधं पाणी मुरू द्यायचं, मग धुण्याच्या सोड्याचा दाट लगदा, मग काथ्याचा ब्रश, तोही सांध्याच्या लांबीनं, आडवा नाही. लोक विचारतात, कुठे शिकलात? मी ताठ मानेनं सांगतो, कुणी शिकवलं नाही. नकाशे काढायलाही नाही आणि हेही नाही.

या टाइल्स बसल्या तेव्हा इथे चूल लागली नव्हती, म्हणून मिस्त्री आत येऊ शकला. पुढे सांधे झिजले तेव्हा तुझं सोवळं आडवं आलं. चैत्राचे दिवस, कोठी रिकामी करून बाजूला सारलेली. तो म्हातारा मिस्त्री उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला आहे आणि तू आत सांध्यांत अंगठ्यानं चुना दाबते आहेस. "माई, ज़ोर से दबाओ, रोटी नहीं है." "रोटी को ज़ोर नहीं लगता क्या? कभी बेली है तुमने?" तीन दिवस लागले तुला. मग हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तू पाणी द्यायच्या निमित्तानं आत बोलवायचीस आणि सांधे दाखवायचीस.

दिवाळीपर्यंत ते काळे पडले. तू कार्तिकस्नानाला रामघाटावर गेलेलीस. मी एकोणीस वर्षांचा. पुस्तकात वाचलं होतं की चिनी टाइलला तेजाब काही करत नाही. सराफ्यातून बाटली आणली, काडीला चिंधी बांधून सांध्यांवरून फिरवली, भरपूर पाणी ओतलं. फेस आला आणि खाली सगळं पांढरंशुभ्र. तू ओल्या केसांनी दारात उभी राहिलीस. "अरे, हे कधी शिकलास?" म्हणून माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडलीस. चुन्याला तेजाब काय करतं, ते पुढच्या पानावर होतं. तिथवर मी पोचलो नव्हतो.

पंधरा दिवसांत सांधे केरसुणीबरोबर निघू लागले, रव्यासारखे. मिस्त्री पुन्हा उंबऱ्याशी आला, तो रवा चिमटीत चोळून म्हणाला, "माई, किसी ने तेजाब तो नहीं डाला?" माझ्याआधी तू बोललीस. "मेरे घर में कौन डालेगा? हाथ ही मेरा कच्चा है." मी तेजाबानं पिवळी पडलेली बोटं मुठीत धरून तिथेच उभा होतो. मग तू चूल ओसरीवर नेलीस, सोवळं बाजूला ठेवून सांधे भरायला त्याला आत घेतलंस. पुन्हा कधी सांध्याला हात लावला नाहीस. बायका आल्या की पाणी बाहेरच आणून द्यायचीस.

आज कोठी सरकवली तर तिच्याखाली वीतभर सांधा निघाला. त्या दिवाळीत ती गव्हानं भरलेली. मीही हलवली नव्हती, मिस्त्रीनंही नाही. म्हणजे हा तुझा. मळ काढला. नखानं टोकरला, मग चाकूच्या टोकानं, मग माझ्या लोखंडी पट्टीच्या कडेनं. कण निघाला नाही. मिस्त्रीच्या सांध्यांना आजवर दोनदा डागडुजी लागली, याला एकदाही नाही. तुझ्या अंगठ्याचे खळगेसुद्धा तसेच आहेत, एकाला एक लागून. तुझा हात कच्चा नव्हता, आई. तेजाब मी घातलं होतं. हा कागद कोठीच्या तळाशी घालून भोपाळला नेईन. आणखी कुठे पाठवणार?

मघाशी ही चहा घेऊन आली, वाकून बघितलं. "हा जुना दिसतोय. कुणी भरला?"

"आईनं."

"मग बाकीचे का नाही टिकले?"

मी म्हटलं, चहात साखर कमी आहे. साखर बरोबर होती, आई.