वाळूत उलटलेली गाडी

शनि., ८ फेब्रु.
मॉरिटानियाच्या वाळवंटातून परतल्यापासून ऑफिसला बसनेच जातेय. बस मोठी, जमिनीला धरून चालते. आज बाजाराला जायचं होतं, पण शनिवारी बस उशिरा येते म्हणून गेलेच नाही. डाळ-भात केला.

सोम., १० फेब्रु.
निखिलच्या मोडलेल्या कॉलरबोनचा एक्स-रे चांगला आला. हाताची झोळी निघाली. घरी येताना हट्टाने स्वतःच ड्राइव्ह केलं. मी डोळे मिटून घेतले. "झोपलीस?" हो म्हटलं.

शनि., १५ फेब्रु.
बेलव्ह्यूला जोशीकाकूंकडे पॉटलक, जो तो एकेक पदार्थ घेऊन. नि.ने आम्हा नवरा-बायकोच्या कार रॅलीची गोष्ट रंगवून सांगितली. आमची जुनी जीप, मोरोक्कोपासून खाली मॉरिटानियापर्यंत वाळवंट, तो ड्रायव्हर, मी शेजारी बसून वाट सांगणारी. संपायच्या आदल्या दिवशी वाळूच्या टेकडीच्या माथ्यावरून गाडी पलीकडे कोसळली. "दोन कोलांट्या, मग एकदम हॉस्पिटल. हेलिकॉप्टरवाले लगेच आले." सगळे हसले. काकूंनी विचारलं, तू का गं गप्प?
तो बेशुद्ध होता, त्याला काही आठवत नाही. 'लगेच आले' हे मीच त्याला सांगितलेलं.
लगेच नव्हते आले.

मंगळ., १८ फेब्रु.
लिहूनच टाकते. बेल्टला उलटी लटकले होते. कुठेतरी पेट्रोल ठिबकत होतं. नि.ला हाका मारल्या, ओ नाही. मदतीचं बटण दाबलं, पण त्याचा दिवा लागला की नाही, उन्हात दिसेना. मग वारा सुटला. फुटलेल्या खिडकीतून वाळू आत यायला लागली, त्याच्या तोंडाशी. मी हाताने ती बाजूला सारत राहिले. थोड्या वेळाने त्याचा श्वास चाललाय का, हे बघायचं सोडून दिलं. कारण चालत नसता तर
नाही लिहवत.

शुक्र., २१ फेब्रु.
जेवताना नि. म्हणाला, पुढच्या रॅलीत नाव घातलंय. दोघांचं. "फिनिश राहिलीय यार. तुझ्यासारखी नॅव्हिगेटर कुठे मिळणार?"
रेवा ताट उचलून निघून गेली. नववीत आहे, तिला सगळं कळतं. नंतर तिच्या खोलीत गेले. "मॉम, यू स्क्रीम इन युअर स्लीप. डॅडला ऐकू येत नाही, तो खाली झोपतो ना." नि. खांद्यामुळे खालच्या रिक्लायनरवर झोपतो.
मी ओरडते हे मला माहीतच नव्हतं.

रवि., २ मार्च
नि.ला सांगितलं. तळ्याकाठी चालताना, सगळं. वाळूचं ऐकलं तेव्हा तो थांबला, तोंडावरून हात फिरवला. मला का नाही सांगितलंस, म्हणाला. म्हटलं, घाबरला असतास.
मग म्हणाला, "ती टेकडी चढल्याचंसुद्धा मला आठवत नाही. एकटा असलो की तेच शोधत बसतो. वाटलं, परत गेलो तर आठवेल."
इतके दिवस मला वाटायचं, भीती मला एकटीलाच वाटते.

बुध., ५ मार्च
गाडीतच बसून फोनवर लिहितेय. नि. म्हणाला होता, ऑफिसला सोडतो. हायवेचा चढ लागला, पावसात पुढचं दिसेना, आणि त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं तरी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढत नाहीये. त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. हे मी केलं. सांगितलं नसतं तर
रॅलीतलं नाव अजून काढलेलं नाही, हे त्याने आत्ता सांगितलं. मी विचारलं नव्हतं.
"पुढे रस्ता आहे ना गं?" म्हणतोय.
मलाही दिसत नाहीये.